पाच सोलापुरी चादरी ५९९ ला? थांबा ओ, आधी कुणाला धरायचं ते बघा

"कारखाना बंद होतोय, शेवटचा स्टॉक, पाच सोलापुरी चादरी फक्त ५९९ रुपयात, घरपोच फ्री." असल्या जाहिराती फेसबुक-इन्स्टावर दिसतात ना, चादरींचा ढीग, मागं एक आजोबा हातमागासमोर हात जोडून उभे, डोळ्यात पाणी, आणि खाली लोक नुसतं "प्राइस प्लीज", "अॅड्रेस पाठवा" करत सुटलेले. पुण्या-मुंबईच्या माणसाचं एक वेळ समजू शकतो, पण ज्याचं घर आमच्या सोलापुरातल्या कापडाच्या चाटी गल्लीपासून चालत जायच्या अंतरावर आहे तो पण मला लिंक पाठवतो, "बघ की बे खरं आहे का, घेऊन ठेवू का, लग्नात आहेराला होतील". अरे, पाच चादरींच्या सुताचाच खर्च तेवढ्यात निघत नाही, विणणं, रंगाई, कुरिअर तर सोडूनच दे. आणि त्या आजोबांची बोटं नीट मोजली तर कधी कधी सहा निघतात, कारण फोटोच एआयनं केलेला असतो.

तर घरात आणि ग्रुपवर जे परत परत सांगावं लागतं ते एकदाच लिहून टाकतोय, म्हणजे पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करता येईल.

पहिलं म्हणजे, स्वस्त आहे म्हणजे फ्रॉड आणि भाव वाजवी आहे म्हणजे खरं, हा हिशोब डोक्यातनं काढा. चोर पण शहाणे झालेत, दोन हजाराची वस्तू दोनशेला लावली तर लोकांना शंका येती हे त्यांना कळलंय, म्हणून आता सोळाशे-सतराशेला लावतात, थोडं घासाघीस पण करू देतात, वर दोनशेचं कूपन. उलट खरा सेल पण असतोच की, सीझन संपला की दुकानदार माल काढतोच. त्यामुळं भावावर जाऊ नका, एवढंच विचारा की माझे पैसे कुणाच्या खात्यात जाणार आणि माल आला नाही तर मी कुणाला धरणार. नवी पेठेतनं टॉवेल घेतला आणि पहिल्याच धुण्यात रंग गेला तर दुसऱ्या दिवशी जाऊन काउंटरवर टाकता येतो, दुकानदार कटकट करेल पण तो तिथंच बसलेला असतो. ऑनलाइन घेताना तो धरायचा माणूस आधी शोधायचा आणि मग पैसे टाकायचे. आपण नेमकं उलटं करतो, पैसे टाकून झाल्यावर शोधत बसतो.

पेज कधी जन्मलं, आधी कुणाचं होतं

फेसबुक पेजवर गेलात की अबाउटमध्ये पेज ट्रान्सपरन्सी म्हणून असतंय. तिथं पेज कधी काढलं, आधी नाव काय होतं, चालवणारे कुठल्या देशात बसलेत, हे दिसतं. ऐंशी हजार फॉलोअर आहेत म्हणून लोक भुलतात, आणि आत जाऊन बघावं तर तेच पेज तीन महिन्यांपूर्वी कॉमेडी व्हिडिओचं किंवा कुठल्यातरी हिरोच्या फॅन क्लबचं असतं, फॉलोअरसकट विकत घेतलेलं. इन्स्टावर प्रोफाइलच्या तीन टिंबांवर दाबून "अबाउट धिस अकाउंट" बघायचं, तिथं पण अकाउंट कधीचं, कुठल्या देशातलं आणि आधीची युजरनेम कळतात. दुकान म्हणे "१९७२ पासून आपल्या सेवेत", अकाउंट गेल्या महिन्यातलं. नुसतं नवीन आहे म्हणून चोर ठरत नाही, कुणीही कधीतरी नवीन असतोच, पण जुना असल्याचं सोंग घेतलं असेल तर तिथंच सोडायचं.

कमेंटचं एक आहे. फेसबुक आपल्याला आधी "मोस्ट रिलेव्हंट" कमेंट दाखवतं, ते बदलून "ऑल कमेंट्स" करा, मग खाली दडलेले "पैसे घेऊन ब्लॉक केलं" वाले दिसायला लागतात. कमेंट बंदच ठेवल्या असतील तर काय समजायचं ते समजा. इन्स्टावर टॅग केलेल्या फोटोंचा वेगळा टॅब असतो, तिथं बघा, फसलेला माणूस चिडून दुकानाला टॅग करतो. तो टॅग दुकानवाला काढू शकतो म्हणा, त्यामुळं तिथं काही नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

फोटोचं तर एका मिनिटाचं काम, स्क्रीनशॉट काढायचा आणि गुगल लेन्समध्ये टाकायचा. तोच फोटो, तीच चादर, तोच पलंग दहा वेगवेगळ्या दुकानांच्या नावानं निघाला तर फोटो चोरीचा आहे. शंका असली तर मी सरळ मेसेज करतो, "त्या चादरीवर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून व्हिडिओ पाठवा". ज्याच्याकडं माल आहे तो दोन मिनिटात पाठवतो, ज्याच्याकडं नाही तो म्हणतो "सर गोडाऊन लांब आहे, आज ऑफरचा लास्ट डे आहे, लवकर करा".

आणि ही घाई, "लास्ट डे", "फक्त ३ शिल्लक", उलटं पळणारं घड्याळ, हे खऱ्या कंपन्या पण करतात, म्हणून त्यावरनं काही ठरवता येत नाही. एक करून बघायचं, पेज रिफ्रेश करायचं, घड्याळ परत पंधरा मिनिटांवर आलं तर हसायचं आणि बंद करायचं.

व्हॉट्सअॅपवर "बिझनेस अकाउंट" असं लिहून आलं की आई-बाबांना वाटतं सरकारनं तपासून दिलंय. तसं काही नाही ओ, ते अॅप फुकट आहे, तुम्ही आम्ही कुणीही टाकू शकतो.

वेबसाइटचा पत्ता उजवीकडनं वाचा

लिंक उघडल्यावर वरचा पत्ता बघा आणि सुरुवातीचं https:// सोडून त्यापुढची पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचाच भाग धरा. त्यात शेवटचा टिंब शोधा, त्या टिंबाच्या लगेच आधीचा शब्द हा खरा मालक (शेवट "डॉट को डॉट इन", "डॉट गव्ह डॉट इन" असा जोडीचा असेल तर त्या जोडीच्या आधीचा शब्द). "अमेझॉन डॉट इन" म्हणजे अमेझॉन. पण "अमेझॉन डॉट दिवाळीसेल डॉट शॉप" असं असेल तर ते अमेझॉनचं नाही, दिवाळीसेल नावाच्या कुणाचं तरी आहे, पुढं अमेझॉन लिहायला त्याला काहीच लागत नाही. मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो, म्हणून त्याच्यावर बोट दाबून पूर्ण बघायचा. आणि ते कुलपाचं चिन्ह, कुलूप म्हणजे एवढंच की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधे कुणाला वाचता येत नाही, समोरचा चोर आहे का साव हे कुलूप सांगत नाही. चोराच्या साइटला पण कुलूप असतं.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीनं आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव-नंबर साइटवर द्यायलाच लागतं. खाली जाऊन बघा, नुसता एक जीमेल आणि एक फॉर्म असेल तर तुम्ही धरणार कुणाला? जीएसटी नंबर दिला असेल तर तो १५ अक्षर-आकड्यांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला २७. जीएसटीच्या सरकारी साइटवर "सर्च टॅक्सपेअर" मध्ये लॉगिन न करता तो टाकता येतो, फर्मचं नाव, पत्ता, आणि नोंदणी चालू आहे का रद्द झालीय सगळं येतं. पेज सांगतंय सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि नंबर सुरू होतोय ०७ नं, म्हणजे दिल्ली, तर विचारायचं की भानगड काय. दुसऱ्या कुणाचातरी खरा नंबर ढापून पण लावतात, म्हणून नंबर खरा आहे एवढ्यावर थांबू नका, तिथं आलेलं नाव आणि पैसे जाणाऱ्या खात्याचं नाव जुळतंय का ते बघा.

इथं एक सांगायलाच पाहिजे, कारण ह्या भीतीत चांगली माणसं पण भरडली जातात. शेंगा चटणी, कडक भाकरी विकणाऱ्या घरगुती बायका, बचत गट, पूर्व भागातले छोटे यंत्रमागवाले, ह्यांच्यातल्या लई जणांकडं जीएसटी नसतो, उलाढालच तेवढी नसते, वेबसाइट नसते, फोटो पण अंधारातले. ते चोर नाहीत. खाण्याचा माल असेल तर पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा खात्याचा, १४ आकडी नंबर असतो, तो विचारा, आणि पत्ता विचारा. "आमच्या पोराला घ्यायला पाठवू का?" एवढं एक वाक्य टाका. खरा माणूस लगेच लोकेशन पाठवतो, उलट खूश होतो की कुरिअरचे पैसे वाचले. खोटा माणूस सोलापूरचा म्हणवून घेतो पण सोलापुरातला पत्ता सांगू शकत नाही, "सर ओन्ली ऑनलाइन" म्हणतो. आपण इथंच राहतो त्याचा एवढा तरी फायदा घ्यायचा की.

पैसे टाकताना

यूपीआयनं पैसे टाकायच्या आधी स्क्रीनवर बँकेत नोंदवलेलं नाव येतं. आपण ते वाचतच नाही, डोळे आकड्यावर असतात. पेजवर दुकान सोलापूरचं, टेक्स्टाइल अमुक तमुक, आणि नाव येतंय कुठल्यातरी भलत्याच माणसाचं, तर थांबायचं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आमच्या अकाउंटंटचं आहे", "कंपनीचं खातं मेंटेनन्सला आहे". असू दे की, मेंटेनन्स संपल्यावर देतो म्हणायचं.

सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन ह्या सरकारी पोर्टलवर संशयित तपासायची सोय पण आहे, फोन नंबर, यूपीआय आयडी तिथं टाकून बघता येतो की ह्याच्याबद्दल आधी तक्रार आहे का. काही निघालं नाही म्हणजे माणूस चांगला असं नाही, नवीन नंबर असू शकतो, पण काही निघालं तर विषय तिथंच संपला.

पिनचं लोकांना शंभरदा सांगितलंय तरी परत सांगतो, पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करायला लागत नाही, काहीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. "रिफंड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका" म्हणजे तुमच्याच खिशातनं काढणार. ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसानं दुसऱ्याला यूपीआयवर पैसे मागायची कलेक्ट रिक्वेस्ट बंद केलीय, पण दुकानदारांची चालू आहे आणि क्यूआर तर आहेच, त्यामुळं आता काही होत नाही असं समजून बसू नका.

"फक्त १ रुपया भरून ऑर्डर कन्फर्म करा" हा अजून एक प्रकार, आणि हा मला सगळ्यात बेकार वाटतो कारण एक रुपया म्हटल्यावर माणूस विचारच करत नाही. एक तर त्या पानावर कार्डाची सगळी माहिती काढून घेतात, नाहीतर एक रुपयाच्या आडून ऑटोपेचं मँडेट, म्हणजे पुढं आपोआप पैसे कापायची परवानगी, मंजूर करून घेतात. ऑटोपेला एकदा पिन टाकून हो म्हटलं की नंतर १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम परत पिन न विचारता कापली जाऊ शकते. आत्ता वाचता वाचताच आपल्या यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट्स म्हणून असतंय ते उघडून बघा, जे आठवत नाही ते रद्द करून टाका.

जमत असेल तर नवीन दुकानाला पहिल्यांदा कार्डनं पैसे द्या. कार्डाच्या व्यवहारात माल आला नाही तर बँकेकडं चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. यूपीआयनं आपण स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे तसे सहज वळत नाहीत.

आता कॅश ऑन डिलिव्हरी. सगळ्यांना वाटतं सीओडी म्हणजे सेफ. तसं नाही, कुरिअरवाला आधी पैसे घेतो मग पाकीट देतो, उघडल्यावर आत साडीच्या ऐवजी चिंध्या, तोपर्यंत तो चार गल्ल्या पुढं पोचलेला असतो आणि त्याचा तसाही काही दोष नसतो, त्याला बिचाऱ्याला आत काय आहे माहीत नाही. त्याहून वाईट म्हणजे न मागवलेलं पार्सल, दुपारी घरात फक्त आई किंवा आजी असतात, "तुमच्या मुलानं मागवलंय, ४९९ द्या", आई पोराच्या नावाचं पाकीट बघून डब्यातले काढून देती. ह्याला एकच उपाय, घरात सांगून ठेवायचं की मला फोन केल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही, फोन लागला नाही तर पार्सल परत. आणि घेतलंच तर पाकिटावरच्या पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा आधी फोटो काढा, मग मधे न थांबवता व्हिडिओ काढत उघडा. काही मोठ्या अॅपवर ओपन बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे कुरिअरवाल्यासमोरच उघडून बघायची सोय, मिळते, महागाची वस्तू असेल तर तीच निवडा.

फौजी, भक्तनिवास आणि एपीके

जुन्या सामानाच्या पोस्टमध्ये फौजी हमखास असतो. तुमच्या ओळखीच्या माणसाच्याच अकाउंटवरनं मेसेज येतो, "माझा मित्र सीआरपीएफमध्ये आहे, बदली झालीय, फ्रिज, सोफा, बुलेट स्वस्तात देतोय", वर्दीतला फोटो, ओळखपत्राचा फोटो, आणि आधी ट्रान्सपोर्टचे पैसे. अकाउंट हॅक झालेलं असतं नाहीतर तुमच्या ओळखीच्याच्या नावानं दुसरं काढलेलं. मेसेजवर खात्री करू नका, त्या माणसाला साधा फोन लावा. गाडी न बघता टोकन द्यायचं नाही, मग समोर फौजी असो नाहीतर आणि कुणी.

आपल्याकडं अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर सगळंच जवळ, त्यामुळं बाहेरगावचे पाहुणे आपल्यालाच म्हणतात "रूम बघ की". गुगलवर भक्तनिवास टाकलं की जो पहिला मोबाइल नंबर येतो त्याला ॲडव्हान्स पाठवू नका, देवस्थानच्या स्वतःच्या साइटवरनं किंवा सरळ जाऊन बुक करा. २०२५ मध्ये केंद्राच्या सायबर विभागानं केदारनाथचं हेलिकॉप्टर बुकिंग, सोमनाथचं गेस्ट हाऊस ह्यांच्या नावानं खोट्या साइट निघाल्यात असा इशाराच दिला होता. कस्टमर केअरचे नंबर पण असेच, गुगलवर शोधायचे नाहीत, अॅपमधनं नाहीतर बिलावरनं घ्यायचे. बँकांचं तर आता सोपं झालंय, रिझर्व्ह बँकेनं त्यांना "डॉट बँक डॉट इन" वर आणलंय, शेवट तसा नसेल तर ती बँकेची साइट आहे असं धरूच नका.

एपीके म्हणजे अँड्रॉइड अॅप टाकायची फाइल, थोडक्यात, व्हॉट्सअॅपवर आलेली असली फाइल उघडायची नाही, मग ती लग्नपत्रिका असो, गाडीचा चलान असो का "ऑफर अॅप". ती टाकली की तुमचे एसएमएस दुसरीकडं वाचले जातात, ओटीपीसकट. चुकून टाकलीच तर लगेच डेटा आणि वायफाय बंद, आणि दुसऱ्या फोनवरनं बँकेला फोन.

गेलेच पैसे तर

रडत बसू नका, भांडत पण बसू नका त्या पेजवाल्याशी, त्यात वेळ जातो. सरळ १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. तुमचे पैसे समोरच्या खात्यातनं पुढं सरकायच्या आत तक्रार पोचली तर ते तिथंच अडवता येतात, म्हणून इथं मिनिटांचा हिशोब असतो, "घरचे ओरडतील, उद्या बघू" म्हटलं की गेले. फोन करताना हाताशी ठेवा: किती वाजता गेले, किती गेले, कुठल्या यूपीआय आयडीला, आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर, तो यूपीआय अॅपच्या हिस्टरीत सापडतो. लाइन लागली नाही तर वर सांगितलेल्या सायबरक्राईम पोर्टलवर तक्रार टाका. त्याच दिवशी बँकेला पण कळवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. चॅट डिलीट करू नका, रागानं ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट आणि पेजची लिंक काढून ठेवा, कारण पेज नाव बदलतं, लिंकवरनं मात्र मागं जाता येतं.

शहरात राहत असाल तर शहर पोलिसांचं सायबर ठाणं, आणि बार्शी, मोहोळ, मंगळवेढा वगैरे असाल तर ग्रामीण पोलिसांकडं. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हटलं तर नम्रपणे झिरो एफआयआर म्हणा, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. माल आला पण भलताच आला, कंपनी खरी आहे पण रिफंड देत नाही, असं असेल तर तो पोलिसांचा नाही ग्राहक हेल्पलाइनचा विषय, नंबर १९१५.

लई लोक ३९९ रुपयांसाठी कुठं तक्रार करायची म्हणून सोडून देतात. ही दुकानं त्याच्यावरच चालतात, रक्कम मुद्दाम एवढी ठेवतात की माणूस शिव्या देऊन गप्प बसेल. पोर्टलवर टाका, त्यातनंच तो आयडी पुढच्या माणसाला तपासताना दिसू शकतो.

आणि तक्रारीची पोस्ट फेसबुकवर टाकलीत की तासाभरात कुणीतरी येणार, "माझे पण गेले होते, ह्या सरांनी काढून दिले, इन्स्टावर मेसेज करा". ते सर फाइल चार्ज म्हणून दोन हजार मागतात, मग जीएसटीचे, मग कोर्टाचे. पोलीस, १९३० वाले, बँक, ह्यातलं कुणीही पैसे परत द्यायला तुमच्याकडनं पैसे मागत नाही. त्या सरांचा नंबर पण त्याच तक्रारीला जोडून टाका.